कूलरच्या बादलीने धरलेली कंबर: निर्गुडी, तेल आणि रोजची हालचाल

मे महिन्यातली सकाळ. नळ आला म्हणून अंथरुणातून उठले ती थेट कूलर भरायला गेले. दुसरी बादली उचलून कमरेतून वळले आणि पाठीच्या खालच्या भागात अशी चमक निघाली की बादली खाली टेकवणंही जमेना. भिंतीला धरून घरात येत होते, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या आजी म्हणाल्या, "काऊन वं, अशी वाकून काऊन चालून राहिली? उसण भरली वाटते." अर्ध्या तासात त्या निर्गुडीचा पाला घेऊन दारात उभ्या.

नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी दिवसातून दोनदोनदा कूलर भरले जातात. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो वजन, तेही छातीपर्यंत उचलून वळायचं. त्या उन्हाळ्यात मी आजींचा पाला लावला आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायामही केले. दोन्ही करता करता एक गोष्ट मनात पक्की झाली. पाला, तेल आणि शेक यांनी दुखणं तास-अर्धा तास सैल पडतं. त्या सैल पडलेल्या वेळात पाठ हलवायची. पाठ सुधारते ती हलवल्याने. नुसतं तेल चोळून झोपून राहणाऱ्यांची कंबरदुखी लांबते, हे मी घरातही पाहिलं आहे.

तेलाची बाटली उघडण्याआधी

बहुतेक कंबरदुखी स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांमधल्या चकत्या यांची असते आणि चार ते सहा आठवड्यांत बरीच ओसरते. पण काही दुखणी कंबरेत दिसतात आणि मूळ भलतीकडे असतं. ती आधी बाजूला काढा.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलताना लटकायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांचा आपत्कालीन विभाग गाठा. अशा वेळी नसांवर दाब असतो आणि तासांनी फरक पडतो.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम आणि आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारी मधल्या मणक्यावरची कळ, हे मणक्याच्या क्षयरोगाचं लक्षण असू शकतं. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कर्करोग झालेल्या माणसाचं दुखणं, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्या किंवा हाडं ठिसूळ झालेल्या आजीचं दुखणं, यांनाही तपासणीशिवाय हात लावू नये.

नागपूरकरांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं आणि मुतखडा बळावतो. त्याची कळ एका कुशीत उठते, जांघेकडे उतरते, लाटांसारखी येते आणि कसंही झोपलं तरी आराम पडत नाही. दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची. विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाठीत आणि हातापायांत अचानक तीव्र कळा आल्या, तर ती उसण समजून चोळत बसू नका, आणि बर्फ तर मुळीच लावू नका. भरपूर पाणी पाजा आणि डॉक्टरांकडे न्या.

पहिले दोन दिवस

या दिवसांत दोनच कामं: दुखणं शांत करणं आणि पडून न राहणं.

जमिनीवर सतरंजी घाला, उताणे झोपा आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. गुडघे आणि कंबर दोन्ही काटकोनात आली की मणक्यांवरचा भार उतरतो. दहा मिनिटं असं राहा. मग उठून घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं फिरा. जागेपणी दर तासाला हे करायचं. दिवसचे दिवस पलंगावर पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात आणि मनात भीती घर करते.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे जवळ घ्या, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने स्वतःला ढकलत बसते व्हा. शिंक आली तर भिंतीला हात टेका. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर चार दिवस कमोडची खुर्ची वापरा. औषधांच्या दुकानात ती मिळते.

गार की गरम, यावर घरात वाद होतातच. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने बरं वाटलं तर तो लावा, शेकाने बरं वाटलं तर शेक घ्या. मला पहिल्या तासापासून गरमच मानवलं.

वेदनाशामक गोळी लागू शकते, पण ती डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस. भर उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटलेलं असताना या गोळ्या खात राहिल्या तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने घेऊच नयेत.

निर्गुडीचा शेक

निर्गुडी ओळखायला सोपी आहे. एका देठाला तीन किंवा पाच पानं, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी आणि खालून पांढरट राखाडी. पान चुरगळलं की उग्र वास येतो. फुलोरा निळसर-जांभळा. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी ती आपोआप वाढते. शहरातल्या सांडपाण्याच्या नाल्याकाठचा पाला मात्र तोडू नका. एकदा गावाकडून फांदी आणून कुंडीत किंवा कुंपणाला लावली की ती सहज धरते.

आजींनी शिकवलेली रीत अशी. दोन मोठ्या मुठी निर्गुडीची पानं धुऊन, पाणी पूर्ण निथळू देऊन जाडसर चिरायची. मिळाली तर एरंडाची दोन पानं त्यात घालायची. लोखंडी तव्यावर दोन चमचे तिळाचं तेल तापवून त्यात ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या आणि चमचाभर ओवा टाकायचा. लसूण तांबूस झाला की पानं घालून मंद आचेवर परतायची. पानं कोमेजून वास सुटला की ती जुन्या सुती धोतराच्या दुहेरी तुकड्यात बांधून पुरचुंडी करायची.

पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे सोसली तरच पाठीवर. कमरेला थोडं तेल लावून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यावर दाब न देता, खालून वर हलकेच टेकवत न्या. निवली की पुन्हा तव्यावर ठेवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. नंतर टॉवेल पांघरून पाच मिनिटं पडून राहा आणि मग लगेच पुढे सांगितलेले व्यायाम करा. मेच्या उकाड्यात हे सकाळी सहाच्या आत उरका. भर दुपारी शेक घेऊन घेरी येते.

पाला नसेल तर जाडं मीठ तव्यावर भाजून त्याची पुरचुंडीही चालते. मिठाची ऊब जास्त वेळ टिकते. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झालेल्यांना शेक द्यायचा असेल, तर तापमान दुसऱ्याने तपासावं. त्यांना भाजलेलं कळत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या खेड्यांमध्ये दुखऱ्या कमरेवर अजूनही बिब्बा लावतात. बिब्ब्याच्या रसाने कातडी जळते, मोठे फोड येतात, त्यात पू होतो आणि डाग आयुष्यभर राहतात. वैद्य औषधात बिब्बा वापरतात तो शुद्ध करून. घरी कोणी लावायला आलं तर हात धरून थांबवा. रुईची पानं बांधणाऱ्यांनीही तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, कारण त्याने डोळ्याला गंभीर इजा होते.

घरी निर्गुडीचं तेल

नागपूरच्या इतवारीत, मस्कासाथच्या बाजूला वनौषधींच्या दुकानांत तयार तेल मिळतं आणि ते चांगलंही असतं. पण पाला हाताशी असेल तर एकदा घरी करून बघा. आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं प्रमाण ठरलेलं आहे: कल्क (म्हणजे वाटलेला लगदा) एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग.

घरच्या मापाने अर्धा किलो ताजी पानं कुटून चार लिटर पाण्यात उकळा आणि एक लिटर उरेपर्यंत आटवा. गाळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात 250 मिली तिळाचं तेल, हा काढा आणि 60 ग्रॅम निर्गुडीच्या पानांचा वाटलेला कल्क एकत्र करून अगदी मंद आचेवर ठेवा. पातेलं मोठं घ्या, तेल उतू जातं आणि भडका उडू शकतो. मधून मधून ढवळत राहा. याला अर्धा दिवस लागतो.

झालं कधी म्हणायचं? कल्क बोटांत घेऊन वळला तर त्याची वात व्हायला हवी. ती वात जाळावर धरली तर चटचट आवाज न होता जळायला हवी. चटचटली तर पाणी अजून शिल्लक आहे. तेल सिद्ध होताना वर फेसही येतो. पाणी राहिलेलं तेल पंधरवड्यात खवट होतं, म्हणून घाई करू नका. कोमट असताना गाळून, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

चोळताना जोर लावायचा नाही. दोन चमचे तेल कोमट करून तळहाताने कमरेपासून कुल्ल्यांपर्यंत गोल फिरवत दहा मिनिटं. उसण भरल्यावर कोणीतरी पाठीवर पाय देऊन तुडवतं किंवा झटका देऊन मणका "बसवतं", तसं करू देऊ नका.

विदर्भात जवस पिकतो आणि पूर्वेकडे गोंदिया-गडचिरोलीत मोहाच्या बियांचं तेल निघतं. दोन्ही मालिशला वापरतात. मोहाचं तेल थंडीत थिजतं, बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करा.

थेंबांनी मोजायची तेलं

नीलगिरी, पुदिना, लव्हेंडर, गवती चहा ही इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींची सुगंधी अर्कतेलं, फार तीव्र असतात. ती कधीही नुसती लावू नयेत आणि पोटात घेऊ नयेत. साधं गणित: 1 मिलीमध्ये साधारण 20 थेंब. 30 मिली तिळाच्या तेलात 12 थेंब टाकले की मिश्रण 2 टक्क्यांचं होतं, पाठीला तेवढं पुरे. माझं प्रमाण नीलगिरी 5, लव्हेंडर 4, पुदिना 3. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर वाट बघा. पुरळ आलं नाही तरच पाठीला लावा.

पुदिन्यातल्या मेंथॉलने कातडीला गारवा जाणवतो आणि त्या संवेदनेपुढे दुखणं मागे पडतं. आतला बिघाड त्याने दुरुस्त होत नाही. आपल्याकडची अमृतधाराही याच जातीची. कापूर, ओव्याचं सत्व आणि पुदिन्याचं सत्व सारख्या प्रमाणात एका बाटलीत ठेवले की तिन्ही स्फटिक आपोआप विरघळून पातळ होतात. तिचे पाच-सहा थेंब 30 मिली तेलात पुष्कळ होतात.

गंधपुऱ्याच्या (विंटरग्रीनच्या) तेलाबाबत जपा. वास ओळखीचा, कारण कितीतरी बामांत तेच असतं. पण एका चहाच्या चमच्याएवढ्या शुद्ध तेलात सुमारे 7 ग्रॅम सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं द्रव्य) असतं, लहान मुलाचा जीव जाण्याइतकं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते लावूही नये. कापूरही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. असली तेलं किंवा बाम लावून वर गरम पिशवी ठेवणं टाळा, कातडी भाजते. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही वापरू नये.

कंबरदुखीवर लावायच्या वनस्पतींमध्ये लाल मिरचीच्या अर्काची मलमं आणि पट्ट्या यांचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2014 साली घेतलेल्या आढाव्यात तसं आढळलं होतं. पण म्हणून घरची भिवापुरी मिरची वाटून पाठीला थापू नका. दुकानातलं प्रमाणित मलम घ्या, लावून झाल्यावर हात साबणाने धुवा आणि डोळ्यांना लावू नका.

पोटात घ्यायच्या गोष्टींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हळदीचं दूध, सुंठ, मेथी आहारात असावीत. औषधाच्या मात्रेत घ्यायची असतील तर वैद्यांकडून, कारण मेथीने साखर उतरते आणि हळद-लसणाच्या मोठ्या मात्रांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे दाखवून सल्ला घेता येतो. बद्धकोष्ठ मात्र होऊ देऊ नका. कुंथल्याने कमरेत पुन्हा चमक निघते.

आता मुख्य काम: व्यायाम

शेक झाला, पाठ सैल आहे. सतरंजी घाला.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. व्यायाम करताना ते तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं पाहिजे. दुखणं कुल्ल्यातून मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर तो व्यायाम त्या दिवशी बंद. उलट पायातली कळ वर सरकून कमरेत गोळा झाली, तर कमरेत जरा जास्त दुखलं तरी ते सुधारण्याचं लक्षण आहे. हे मला कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली.

तिसऱ्या दिवसापासून सुरुवात. उताणे झोपा, गुडघे दुमडा. कमरेखालची पोकळी जमिनीला टेकेल असं पोट हलकेच आत घ्या, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. श्वास रोखायचा नाही. मग एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, पंधरा-वीस सेकंद थांबा. प्रत्येक पायाने तीनदा. पुढे चौपायी येऊन मार्जरासन: श्वास सोडत पाठ घुमटासारखी वर, श्वास घेत हलकी खाली. हे ताणण्यासाठी नाही, वंगण घालण्यासारखं आहे, म्हणून सावकाश, आठ-दहा वेळा.

पालथं झोपणं ज्यांना मानवतं त्यांनी मकरासनात दोन मिनिटं पडावं, मग कोपरांवर उठून तीस सेकंद राहावं. त्रास नसेल तर पुढच्या आठवड्यात हात अर्धे सरळ करून भुजंगासनाची निम्मी उंची. पायात कळ जाणाऱ्या पुष्कळांना याने आराम पडतो. पण उभं राहिल्यावर, चालल्यावर पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, अशा वयस्करांनी हा व्यायाम सोडून द्यावा. मणक्यातली जागा अरुंद झाली असेल तर पाठ मागे वाकवल्याने त्रास वाढतो.

दुसऱ्या आठवड्यापासून ताकदीचे दोन. सेतुबंधासनात कुल्ले उचलून पाच सेकंद धरा, आठ वेळा. उचलताना टाचांवर भार द्या आणि कुल्ल्याचे स्नायू आवळा, कमरेने ओढू नका. दुसरा चौपायी: उजवा हात पुढे, डावा पाय मागे, आठ सेकंद. मग बाजू बदला. कमरेवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आहे आणि तो हिंदकळता कामा नये, असं समजून करा. प्रत्येक बाजूने पाच. दिसायला सोपा आहे, पण पाठीला आधार देणारे स्नायू याने जागे होतात.

पहिले सहा आठवडे उठाबशीसारखे पोटाचे व्यायाम, पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातलं पूर्ण पुढे वाकणं टाळा. शहरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे वर्ग चालतात. जाणार असाल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना कंबरेचं सांगा.

कमरेला पट्टा आणि वजन लावून ताण देणं, या दोन गोष्टींवर लोक बराच पैसा घालवतात. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्हींची शिफारस केलेली नाही. व्यायामाची केली आहे.

चालणं

ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर झालेला एक अभ्यास 2024 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कंबरदुखीतून नुकतेच उठलेल्यांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं आणि पाठीबद्दल नीट समजावून सांगितलं. बाकीच्यांना तसं काही दिलं नाही. न चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण 112 दिवस लागले, चालणाऱ्यांची 208 दिवस. इतक्या स्वस्त उपायाने एवढा फरक!

दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. अंबाझरी किंवा महाराजबागेसारखी सपाट जागा आधी, सेमिनरी हिल्सचा चढ-उतार महिन्याभराने. उन्हाळ्यात सातच्या आत घरी या. पायात चपला नको, बूट घाला. थांबावंसं वाटलं तर बाकावर टेकून मिनिटभर बसा आणि पुन्हा निघा.

आणि कूलर

रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. माझी चूक नेमकी तीच झाली होती: अंथरुणातून उठले आणि बादली उचलली. नळाची वेळ पहाटेची असेल तर पाणी भरायचं काम त्या वेळी दुसऱ्या कोणाला द्या, नाहीतर आधी दहा मिनिटं घरात फिरा.

बादली अर्धीच भरा. पाय खांद्याएवढे फाकवून गुडघे आणि खुब्यातून वाका, पाठ सरळ ठेवा, बादली अंगाला चिकटवून उठा. वळायचं असेल तर कंबर पिळू नका, पावलं टाकून सगळं अंग फिरवा. यातलं सगळ्यात चांगलं म्हणजे नळाला लांब पाइप जोडणं. मी तो त्याच जूनमध्ये आणला. आता मे महिन्यात कूलर पाइपने भरते, आणि तो भरेपर्यंत कुंपणाला लावलेल्या निर्गुडीलाही दोन मिनिटं पाणी देते.